त्या जेवणाला ‘सहभोजन’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये जेवणासोबत ‘ब्लॅक थिऑलॉजी’वर, म्हणजे मुक्तीच्या धर्मचिंतनावर गप्पा होतात. आपल्या दैनिकात त्याला ‘सहभोजन’ म्हटलं आहे. हा शब्द बदलावा, ही विनंती. सहभोजन म्हटलं की आपल्यासमोर सुधारकांनी घातलेली पंगत येते. नुसत्या रोटीव्यवहाराने जात मोडत नाही, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं.

इथे यजमान वेगळा आहे. १७८७ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्या भाविकांना ओढून उठवलं, तेव्हा रिचर्ड ॲलन आणि ॲब्सालोम जोन्स हे काळे धर्मोपदेशक बाहेर पडले. पुढे त्यांनी स्वतःची चर्च उभी केली. चूल त्यांची, टेबल त्यांचं. बसमध्ये काळ्यांना वेगळं बसवण्याविरुद्ध माँटगोमेरी शहरातला बस-बहिष्कार ३८१ दिवस चालला, तेव्हा जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी तळलेली कोंबडी, केक, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) विकून पैसे जमवत. कुठून आले विचारलं तर ‘कुठूनच नाही’. पैसे देणाऱ्यांची नावं फुटली असती तर नोकऱ्या गेल्या असत्या. त्या पैशांवर बसऐवजी लोकांना नेणाऱ्या बहिष्काराच्या गाड्या धावल्या.

असं जेवण कुणाला करायचं असेल तर हिशेब सांगतो. ३० माणसांना सुकी चवळी दोन किलो, आदल्या रात्री भिजवलेली. ही चवळी पश्चिम आफ्रिकेतली, गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत पोचलेली. आपल्या उसळीत असते तीच. कॉलर्ड ग्रीन्स ही कोबीच्या कुळातली जाड पानांची भाजी माणशी पाव किलो कच्ची धरा. ती आळून एवढीशी होते आणि नवखे इथेच फसतात. मधली शीर काढून तासभर मंद आचेवर शिजवा. खालचं पाणी फेकू नका, मक्याचा पाव त्यातच बुडवून खातात. त्या पाण्यात बहुधा धुरावलेलं डुकराचं किंवा टर्कीचं मांस असतं, म्हणून शाकाहारी किती ते आधी विचारून वेगळं पातेलं चढवा.

सहा-सहाची टेबलं मांडा. जेवण अर्धं झाल्यावरच वाचन, आणि वक्त्याला पंधरा मिनिटांच्या वर देऊ नका. नाहीतर चर्चा राहत नाही, व्याख्यान होतं. या धर्मचिंतनाचा पाया घालणारे जेम्स कोन यांचं पहिलं पुस्तक १९६९ चं. ख्रिस्त काळा आहे, हे त्यांचं म्हणणं कातडीच्या रंगावर घेतलं की सगळी संध्याकाळ वादात जाते. देव कुणाच्या बाजूला उभा आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

वाचायला बायबलमधली हागारची गोष्ट घ्या, ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा सोळावा आणि एकविसावा अध्याय, दोन्ही. एकच वाचला तर अर्थ निसटतो. पहिल्यात पळून गेलेल्या त्या दासीला देवदूत मालकिणीकडे, म्हणजे अब्राहामच्या बायकोकडे, साराकडे परत जायला सांगतो. दुसऱ्यात अब्राहाम तिला भाकर आणि पाण्याची पखाल देऊन मुलासकट घालवून देतो. पाणी संपल्यावर तिला विहीर दिसते. काळ्या स्त्रियांच्या बाजूने धर्मचिंतन करणाऱ्या डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये याच गोष्टीवरून कोनसारख्यांना विचारलं, की इथे मुक्ती कुठे आहे? देव तिला फक्त जगवतो. काळ्या बायकांनी पिढ्यानपिढ्या हेच केलं, जगल्या आणि जगवलं. समोर भाकरी-पाणी असताना हा प्रश्न विचारला की लोक खरं बोलू लागतात.

दोन चुका हमखास होतात. टेबलावर एकच कृष्णवर्णीय व्यक्ती असली की सगळे तिलाच इतिहास समजावून सांगायला लावतात. दुसरी आपल्या लोकांची: ‘आमच्याकडेही असंच आहे’ म्हणत तिथे गेलेला सवर्ण मराठी माणूस स्वतःला पीडितांत बसवतो. नातं आहेच. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली, दलित पँथरने १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून नाव घेतलं. पण ते नातं सांगताना आपण त्या गोष्टीत सारा आहोत की हागार, हे आधी सांगावं लागतं.

शेवटी देणगीची टोपली फिरते. पैसे जामिनाला, भाड्याला की शाळेला, ते आमंत्रणातच छापा.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी