विम्याचे पैसे घेता, मग पॉलिसी कुठाय?

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

जूनमध्ये पुण्याचं बिऱ्हाड हलवून कायमचे कोल्हापूरला आलो. पॅकर्स-मूव्हर्सवाल्याने भाडं सांगितलं 16,000. शिवाय सामानाची किंमत दीड लाख धरून तीन टक्के ‘इन्शुरन्स’, म्हणजे आणखी 4,500. ‘निवांत राहा काका, काही झालंच तर भरून मिळतंय.’

राजारामपुरीत टेम्पो लागला तेव्हा पाऊस झोडपत होता. बोचकी अजून बांधलेलीच, आणि ड्रायव्हर कागद पुढे करून उभा. सही केली. वर छापलं होतं, ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले.’ रात्री आईच्या शिसवी कपाटावरची चादर सोडली, तर आरसा वरपासून खालपर्यंत तडकलेला. एक पाय निखळलेला, आणि तो नीट कागदात गुंडाळून खणात ठेवलेला! म्हणजे ठेवणाऱ्याला सगळं ठाऊक होतं.

भरपाई मागितली तर म्हणे, सही केलीय ना? पॉलिसी नंबर विचारला, तर विमा उतरवलेलाच नाही. वर बिलावरची ओळ दाखवली : माल मालकाच्या जबाबदारीवर.

साहेब, रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा कायदा, म्हणजे कॅरिज बाय रोड ॲक्ट, 2007 वेगळंच सांगतो. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा ग्राहकाने सिद्ध करायची गरज नाही. 2011 च्या नियमांनुसार त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, फक्त लिहून दिलेल्या किमतीच्या आत. माझ्या बाबतीत दीड लाख. कपाटाच्या दुरुस्तीला त्यातला थोडासा भागही लागणार नाही. पण त्यासाठी बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, हे माझ्या पावतीवर कुठेच नव्हतं.

नोटीस मी दिलीय. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पाच लाखांपर्यंत तिथे फीसुद्धा नाही. माझं मी बघतो. पण या धंद्याची नोंदणी परिवहन प्राधिकरणाकडे होते, म्हणून आपल्याला लिहितोय. विम्याच्या नावाने रुपया घेतला, तर बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर हवा. गाडी उलटली, आग लागली तरच भरपाई की साधी मोडतोडही धरलीय, तेही मराठीत लिहिलेलं हवं. आणि सामान उघडून बघितल्याशिवाय सही घेणं बंद करा. नोंदणीचं नूतनीकरण करताना एवढं तपासायला आरटीओला काय जड आहे?

कपाट सध्या दोन विटांवर उभं आहे. सुतार दोनदा येऊन गेला, पण नोटिशीचं उत्तर येईपर्यंत त्याला हात लावू देणार नाही.

आपला,
राजारामपुरीतला एक रहिवासी