मुलांसमोर युद्धकविता म्हणताना

प्रिय मित्रा,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. दोन महिने शाळेतल्या एका कार्यक्रमात गुंतलो होतो. परवा तो झाला आणि तुझी फार आठवण आली.

आठवी-नववीच्या मुलांना पहिल्या महायुद्धातल्या कविता आणि गाणी ऐकवायची होती. मागच्या वर्षी पडद्यावर छायाचित्रं दाखवत मी कविता वाचल्या, तेव्हा मुलं चित्रंच बघत बसली. म्हणून या वेळी पडदा नाही, प्रस्तावना नाही. नुसता आवाज आणि एक ड्रम.

सुरुवात 'टिपरेरी'ने केली. अरे, ते मुळात युद्धगीत नाहीच! 1912 मधलं, घराच्या ओढीने व्याकूळ झालेल्या एका आयरिश माणसाचं गाणं. 1914 मध्ये ते मोर्चावर निघालेल्या सैनिकांच्या तोंडी बसलं. बघता बघता मुलं पाय आपटून ताल धरू लागली, मागची रांग तर उभीच राहिली. माझ्या एका सहकाऱ्याला ते खटकलं. मी मात्र मुलांना थांबवलं नाही. हा कैफ स्वतःच्या पायांत भिनल्याशिवाय, विशीतली पोरं हसत हसत भरतीला का गेली, हे त्यांना कसं कळणार?

गाणं संपलं तरी ड्रम चालू ठेवला, लय तेवढी निम्मी केली. त्याच लयीवर ब्रिटिश सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेनची विषारी वायूवरची कविता मराठीतून म्हणू लागलो. तीही चालण्यापासूनच सुरू होते, पण इथले सैनिक म्हाताऱ्यांसारखे वाकलेत, कित्येकांचे बूट गेलेत, रक्ताळल्या पायांनी लंगडत चाललेत. मुलांचे पाय अजून ताल देत होते. मग एकेक थांबत गेला. कुणी सांगितलं नव्हतं रे! वायू येतो त्या ओळीला ड्रम बंद केला. मुखवटा वेळेत न चढवता आलेल्या सैनिकाचं मरण मी अगदी हळू, अभिनय न करता म्हटलं. तिथे आवाज चढवला असता तर मुलांनी माझ्याकडे पाहिलं असतं, त्याच्याकडे नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलीने विचारलं, "सर, हे लिहिणारे घरी परत आले?"

4 नोव्हेंबर 1918 ला ओवेन मारला गेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. सातच दिवसांनी युद्ध संपलं, आणि शांततेच्या घंटा वाजत असताना त्याच्या आईच्या हाती तार पडली. तिनेच 1920 मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहून कळवलं, की शेवटचा निरोप घेताना त्याने 'गीतांजली'तल्या ओळी म्हटल्या होत्या आणि त्या त्याच्या वहीतही सापडल्या. हे सांगताना माझाच आवाज फुटेना. कार्यक्रम तिथेच थांबवला.

म्हणून 'लिली मार्लीन' राहूनच गेलं. 1915 मध्ये एका जर्मन सैनिकाने लिहिलेली कविता, तिचं गाणं झालं आणि दुसऱ्या महायुद्धात रात्री रेडिओवर लागलं की दोन्हीकडचे सैनिक ऐकत. मुलांना समोरासमोर दोन गटांत बसवायचं आणि मध्ये कुणीतरी ते वाजवायचं, असं मनात आहे. तुझा तो जुना माउथ ऑर्गन अजून सुरात आहे ना? पुढच्या महिन्यात दोन दिवस काढून ये. ते गाणं तूच वाजवावंस असं मला फार वाटतं.

तुझाच,
जुना बाकमित्र