मनगटाचं दादाकडून कळलं

हर्णै,
१२ डिसेंबर

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

मनगटाचं मला दादाकडून कळलं. चार दिवस तू फोनवर उजवा हात खाली ठेवून बोलत होतीस आणि मी आपली तुझं तोंड उतरलंय का, तेवढंच बघत राहिले. रागवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

तुझ्या फिरण्याच्या गोष्टी मी सगळ्यांना सांगते गं. नॉर्वेतल्या त्रोम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून १५ जानेवारीपर्यंत सूर्य वर येतच नाही म्हटलं की मासळीच्या लिलावाला आलेल्या बायका टोपली खाली ठेवून ऐकतात. भर दुपारी जांभळं आभाळ, खिडक्याखिडक्यांत दिव्याच्या चांदण्या, तान्ही बाळं गारठ्यात बाबागाडीतच निजवलेली! काकी अजून त्या बाळांसाठी हळहळते. ‘आमची सई किलोमीटरभर लांब पूल रोज चालत ओलांडते’ हे सांगताना माझा आवाज चढतो. घरी आलं की तोच पूल डोळ्यांपुढून हलत नाही.

बुटांना लावायच्या खिळ्यांच्या पट्ट्या घेतल्यास का? तिथल्या म्हाताऱ्या लावतात म्हणालीस, मग तुला कसली लाज? अंधारात काळा कोट घालू नकोस, तो चमकणारा बिल्ला लटकव. कॉडचं तेल रोज घे, उन्हाशिवाय हाडं कशी धरतील? बाबांच्या पायाचं तू पाहिलंच आहेस... झालं, सुरू झालं माझं. माफ कर बायो. तुझं तुला कळतं.

सात वर्षांची असशील. पावसाळ्यात बंदराजवळच्या शेवाळलेल्या कातळावर आजोबा तुला चालायला शिकवायचे. पाऊल सपाट टेक, गुडघा सैल ठेव, घाई नको. समोर सुवर्णदुर्ग पावसात पुसून गेलेला, आणि तुझा एकच हट्ट, ‘माझं बोट सोडा.’ ते सोडायचे. मी मागून ओरडायचे. तू पलीकडे जाऊन दोन्ही हात वर करायचीस.

बर्फावरही तसंच चालत असशील ना?

आमसुलं आणि मेतकूट बांधून ठेवलंय, दादा पाठवेल. एका हाताने वेणी कशी घालतेस? कोणी आहे का घालून द्यायला?

आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेचार तास पुढे. तू सकाळी निघतेस तेव्हा मी जेवणाच्या गडबडीत असते, पण फोन जवळच असतो. पूल ओलांडलास की एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, नुसता वाजू दे.

तुझी,
आई