व्रण मोजताना वेदनाही मोजा

अमेरिकेत माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईत जखमांच्या व्रणांसाठी स्वतंत्र नियम आहेत. एक किंवा दोन व्रण दुखत असतील, किंवा त्यांवरची कातडी वारंवार निघत असेल, तर १० टक्के. तीन-चार असतील तर २० आणि पाच किंवा अधिक असतील तर ३० टक्के अपंगत्व धरतात. चेहरा, डोके, मान यांच्या विद्रूपतेचे निकष वेगळे.

दुखणेही मोजण्याजोगे मानले, हे मला फार मोलाचे वाटते. मानेवर भाजल्याचा व्रण असलेल्या माणसाला शर्टाची कॉलर घासली तरी जीव नकोसा होतो. नुसत्या मोजपट्टीने ते कसे कळणार?

आपल्याकडे सेवेतून बाहेर पडताना वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि २० टक्क्यांच्या खाली अपंगत्व निवृत्तिवेतन बहुधा मिळत नाही. पण ‘सैनिकाने रडायचे नसते’ म्हणत आपली पोरे मंडळासमोर गप्प बसतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी त्यांना आधीच बजावावे : व्रण दुखतो, कातडी फुटते, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि अहवालात लिहून घ्या.

– एक माजी सैनिक, सातारा