मॅडम, ती पेन्सिलची रेघ अजून माझ्याकडे आहे

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

जूनमध्ये तुम्ही निवृत्त झालात, त्या दिवशी मला यायला जमलं नाही. रुग्णालयात माझ्या वॉर्डात माणूस कमी होतं. फोनवर नुसतं "अभिनंदन" म्हणून ठेवून दिलं आणि मग आठवडाभर मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. बी.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला नुकतीच लागलेली मुलं-मुली ते वाचतील, त्यांच्या घरचेही वाचतील.

आमच्या घरात समाजकार्य हा शब्दच नवा होता. आबा सूतगिरणीत कामाला. त्यांचा पहिला प्रश्न, "समाजसेवा कराले डिग्री कशाले लागस?" दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझे दोन विषय राहिले, शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झाली. तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात. मी कॉलेज सोडायचं ठरवून तुमच्याकडे आले होते.

तुम्ही धीर दिला नाहीत, आधी गुणपत्रिका मागितलीत. तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही उघडलीत. त्यात प्रत्येक मुलीचं एक पान होतं. गाव, बस कितीची, घरी कोण कमावतं, कुठला विषय जड जातो, क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन काम शिकायला, कुठे पाठवलंय. माझ्या पानावर तुम्ही दोन तारखा लिहिल्यात, परीक्षेचा फॉर्म भरायची आणि पुनर्मूल्यांकनाची. म्हणालात, "विषय राहिला म्हणून वर्ष जात नाही, फॉर्म राहिला तर जातं." शिष्यवृत्तीचं कारण निघालं ते एवढंसं. बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. मी तीन वेळा त्या खिडकीवरून परत आले होते, पण नेमकं काय अडलंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही स्वतः बँकेत आला नाहीत. काय विचारायचं ते कागदावर लिहून दिलंत आणि मला एकटीला पाठवलंत. तेव्हा राग आला होता. आज माझ्यापुढे बसलेल्या बाईला मी तसाच कागद लिहून देते.

आबा तुम्हाला भेटायला आले तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. मला वाटलं, आता तुम्ही मोठमोठ्या नोकऱ्या सांगाल. तुम्ही सांगितलंत, "यात बरीच कामं कंत्राटी असतात, पगार उशिरा होतात, हे आधी ऐकून घ्या." मग एकेक दार उघडून दाखवलंत. सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक, बालसंरक्षण कक्ष, समुपदेशक, संस्थांमधली कामं. आणि 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावाच लागायचा, तेव्हाच्या 1948 च्या कारखाने कायद्यातच तसं होतं. आबा एकदम सरसावून बसले. "म्हणजे आमच्याकडचे ते साहेब?" या शिक्षणाचा माणूस त्यांनी रोज पाहिलेला होता, फक्त त्याचं शिक्षण काय ते माहीत नव्हतं. परत येताना बसमध्ये म्हणाले, "बाई खरं बोलनी." स्थळाचा विषय त्या वर्षापुरता तिथेच थांबला.

पण मला सगळ्यात जास्त ऋण वाटतं ते क्षेत्रकार्याच्या अहवालांचं. तिसऱ्या वर्षी आठवड्याचे दोन दिवस मला बोराडीच्या पुढच्या एका पाड्यावर अंगणवाडीत पाठवलं होतं. सव्वासहाची एसटी, पुढे पायी. माझी भाषा अहिराणी, तिथली पावरी, सेविकाताई दोन्हीकडचं सांगायच्या. एका बाळाच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तर लाल रंग, 11.2 सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, एवढं वर्गात शिकले होते. आईला म्हटलं, पोषण पुनर्वसन केंद्रात 14 दिवस बाळाला घेऊन राहा. ती नाही म्हणाली. मी अहवालात लिहिलं, "आई अशिक्षित व निष्काळजी असल्याने नकार."

तुम्ही "निष्काळजी"खाली पेन्सिलने रेघ ओढलीत आणि समासात लिहिलंत, "हे दिसलं की वाटलं?"

बाकी काही नाही. चर्चेच्या तासाला बोललात तेही एवढंच, "परत जा, आणि या वेळी पट्टी नेऊ नकोस."

गेले. ओट्यावर बसून राहिले, तिचं दळण होईपर्यंत. घरात आणखी दोन लहान पोरं, चार शेळ्या, नवरा ऊसतोडीला गुजरातेत. 14 दिवस ती गेली तर त्या दोघांना भाकर कोण देणार? केंद्रात राहिलेल्या दिवसांची बुडीत मजुरी आईला मिळते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते ठाऊक नव्हतं. पलीकडच्या पाड्यावरून तिची सासू आली, शेळ्या शेजारी बांधल्या आणि पाचव्या दिवशी ती बाळाला घेऊन निघाली. पुढच्या अहवालात तिचं वाक्य मी पावरीतच लिहिलं, खाली मराठी अर्थ दिला. तशी मुभा तुम्हीच दिली होतीत. अहिराणी, लेवा, भिली, पावरी बोलणाऱ्या आम्हा पोरींच्या वहीत माणसं त्यांच्याच बोलीत बोलली पाहिजेत, ग्रांथिक मराठीत घालून त्यांचं म्हणणं बदलू नका, असं तुम्ही म्हणायचात.

व्यक्तीचा स्वयंनिर्णय, म्हणजे ज्याचा निर्णय त्यानेच घ्यायचा, हे तत्त्व मी परीक्षेत पाच गुणांसाठी पाठ केलं होतं. ते कळलं मात्र त्या ओट्यावर. आणि माझ्याशीही तुम्ही तसंच वागलात. पुढे एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करू का, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तुम्ही काम करणाऱ्या एकेका माजी विद्यार्थिनीकडे पाठवलंत, तिच्याबरोबर एक दिवस काढून ये म्हणालात. ठरवलं मीच.

यंदा माझ्या रुग्णालयात क्षेत्रकार्याला चार मुली येतात. मागच्या आठवड्यात एकीने लिहून आणलं, "रुग्ण सांगितलेलं ऐकत नाही." मी पेन्सिल शोधायला लागले.

मॅडम, ती निळी वही घरी नेलीत ना? येत्या रविवारी या चौघींना घेऊन येऊ का? त्यांना फक्त एक पान बघायचंय, माझं. त्यांची पानं कशी आखायची, कुठले रकाने ठेवायचे, तेही मला विचारायचंय. दुपारच्या बसने येऊ. जेवणाचं काही करू नका, माय कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून देणार आहे.

आपली विद्यार्थिनी,
शिरपूर तालुका