जुने रुपये मुशीत टाकण्याआधी

संपादक महोदय,

चांदीचा भाव चढला की देवघरातले आणि ट्रंकेच्या तळाचे जुने रुपये सराफाकडे येतात, मोडीच्या भावाने तोलले जातात आणि थेट मुशीत जातात. साताऱ्याचा मोती चौक, सांगलीचा सराफ कट्टा, विट्याच्या गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) भट्ट्या, सगळीकडे हेच. मोडायला हरकत नाही, बहुतेक नाण्यांची किंमत चांदीच्या आसपासच असते. पण न पाहता मोडू नयेत.

आधी चांदीचे बघू. 1835 ते 1939 या काळातला रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. 1940 ते 1945 चा सहाव्या जॉर्जचा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी वजनाच्या निम्मी, 5.83 ग्रॅम. 1946-47 चा रुपया निकेलचा, लोहचुंबकाला चटकन चिकटतो. अधेली (आठ आणे), पावली (चार आणे), चवली (दोन आणे) यांचे वजन त्याच प्रमाणात कमी. तेव्हा राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा) आणि 1943 चा रुपया एकाच भावाने देऊ नये, घेऊही नये.

खात्रीसाठी सराफ कडेला कानस मारून कस बघतात. तिथेच संग्राहकाच्या लेखी नाणे संपते. त्यापेक्षा शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याने बांधलेला रुपया तळाला वा काठाला न टेकता पूर्ण बुडवावा. जुन्या रुपयाला काटा 1.13 च्या आसपास थांबतो, निम्म्या चांदीच्या रुपयाला 1.22. तांब्या-पितळेवर मुलामा असेल तर आकडा 1.30 च्या पुढे जातो. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो, एवढे सांभाळावे. झिजलेल्या रुपयाचे वजनही कमी भरते, ते धरूनच हिशेब करावा.

नाणे जुने म्हणून महाग, हा समज काढून टाकायला हवा. 1862 हेच साल 1874 पर्यंत रुपयांवर छापले जात होते, म्हणून ते ढिगाने सापडतात. 1911 च्या रुपयावर राजा पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि 1912 ला चित्र सुधारले. त्यामुळे 1911 ला मागणी आहे. 1939 चा रुपया खरोखर दुर्मीळ, आणि म्हणूनच दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा कोरून तो ‘तयार’ करतात. दहापट भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचा सपाट भाग खरवडलेला दिसतो. रामदरबार आणि 1818 साल असलेली ईस्ट इंडिया कंपनीची ‘नाणी’ तर कंपनीने कधी पाडलीच नाहीत.

खरा फरक अवस्थेने पडतो. राणीच्या केसांच्या बटा, मुकुटावरचे खडे आणि मागच्या फुलांच्या पाकळ्या आधी झिजतात. त्या स्पष्ट असतील तर नाणे जपावे. हारासाठी कडी डाखलेले किंवा भोक पाडलेले नाणे मात्र चांदीच्या भावानेच जाते.

सगळ्यांत मोठे नुकसान लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी होते. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट लावून नाणी लख्ख घासतात. आम्ल पृष्ठभाग खाते, रांगोळीने बारीक ओरखडे उठतात आणि मूळची झाक कायमची जाते. काळसर थर दोष नव्हे, संग्राहक तोच शोधतात. फार तर साध्या पाण्याने धुवावे, मऊ फडक्याने टिपावे, चोळू नये. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात हिरवा चिकट थर धरतो, रबरबँड आणि लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्यांना एक पैसाही देऊ नये. रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये याबाबत सावध केले आहे.

गलाई बांधवांना कळकळीची विनंती आहे. फारसी अक्षरे आणि शाहआलमचे नाव दिसले की नाणे मोगली समजून वितळवले जाते. त्यावर अंकुशाची खूण असेल तर तो पेशवाईतला पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया असू शकतो. असे नाणे मुशीत टाकण्याआधी बाजूला काढावे आणि जाणकाराला दाखवावे.

– एक नाणे अभ्यासक, विटा (जि. सांगली)