ट्रेनरचे सीपीआर प्रमाणपत्र चालू आहे का?

महोदय,

दोन दिवसांच्या वर्गातून कुणी पर्सनल ट्रेनर होत नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या परीक्षेत तीन तासांत 150 प्रश्न असतात. वय किमान 18 आणि सीपीआरचे (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचे) चालू प्रमाणपत्र लागते, तेही प्रात्यक्षिकासह. मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती किमान 5 सेंटिमीटर दाबणे व्हिडिओ पाहून जमत नाही. हात थकले की दाब उथळ होतो.

उमेदवार स्नायूंची नावे घोकतात. पण बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारे औषध, घेणाऱ्या ग्राहकाचे ठोके व्यायामातही पुरेसे वाढत नाहीत, म्हणून त्याचा ताण नाडीवरून नव्हे, त्याला जाणवणाऱ्या दमछाकीवरून ठरवायचा, हे ठाऊक नसेल तर धोका खराच. जिमचालकांनी प्रत्येक ट्रेनरच्या सीपीआर प्रमाणपत्राची मुदत दर्शनी भागात लावावी.

— एक फिटनेस प्रशिक्षक, ठाणे